पोत्यावरचा दगड

मुग्धा आणि अर्णव,

मागच्या रविवारी फोनवर मुग्धाने विचारलं, "आजी, तुला शिकवण्यातून समाधान मिळायचं का? एक ते पाचमध्ये सांग." तिच्या शाळेने सगळ्या शिक्षकांना हा प्रश्न विचारला आहे म्हणे. नोकरीला लागून तिला वर्षही झालेलं नाही आणि आवाज मात्र निवृत्तीला आलेल्या बाईसारखा. मी "तीन" म्हणून टाकलं. मग अर्णवने मेलबर्नला थंडी सुरू झाल्याचं सांगितलं, इथल्या उन्हाची चौकशी केली आणि फोन संपला.

तेव्हापासून तो तीन मला टोचतो आहे. ज्या मुलाला प्रश्न कळलेला नाही पण कोरा कागद द्यायची लाज वाटते, ते मूल असं मधलं उत्तर लिहितं. मी अशा उत्तरांना कधी गुण दिले नाहीत. तेव्हा हे नीट उत्तर. लांबेल, पण तुम्ही दोघं मराठी वाचता याचा मला अभिमान आहे, तर वाचा.

शिवाय आज सकाळी आमच्या गल्लीत टँकर आला. नळाला पाणी येऊन आठवडा होत आला, मोठ्या पाइपलाइनसाठी रस्ते खणून ठेवलेत आणि पाणी मात्र अजून चाकांवरूनच येतं. टँकरचा हॉर्न वाजला आणि मी चहाचा कप ठेवून दाराकडे बघितलं. आता वर्ग रिकामा होणार, असं वाटून गेलं. वीस वर्षांहून जास्त झाली, पण तो हॉर्न ऐकला की माझा अर्धवट राहिलेला धडा आठवतो.

मुग्धा, हे तुझ्या जन्माच्या वर्षाचं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. मी रोज सकाळच्या एसटीने जालना रोडने जायची. चिकलठाण्याच्या पुढे शहर संपायचं असं तुझी आई लहान असताना आम्ही म्हणायचो. त्या वर्षी ते संपेना. ज्वारीच्या रानात सिमेंटचे खांब उभे राहत होते, शेंद्र्याच्या आसपास कारखान्यांसाठी जमिनी सपाट केल्या जात होत्या आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ शेताची की सिमेंटची ते ओळखू येत नव्हतं. बसमध्ये निम्मे लोक आम्ही अपडाऊन करणारे शिक्षक. धड्याबद्दल, मुलांबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. कोणती माहिती मागवली, कोणती सभा लागली, कोणाची बदली झाली, एवढंच.

"काल जनावरं मोजली. आज काय मोजायचंय, गुरुजी?"

"विहिरी."

"त्या सोप्या. जागा सोडून हलत नाहीत."

बस हसायची. मीही हसायची. उतरेपर्यंत हसू पार वाळून गेलेलं असायचं.

शेंद्र्याच्या पुढे उतरून आत चालत गेलं की आमची शाळा. दोन खोल्या, एक लिंब आणि नुसती धाप टाकणारी हापशी. मुख्याध्यापक दांडगे गुरुजी पहिली-दुसरी घ्यायचे, मी तिसरी-चौथी. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, म्हणून चारही वर्गांचं इंग्रजी माझ्याकडे. मला वेळापत्रकाची फार हौस. जाड कार्डशीटवर रंगीत पेन्सिलींनी प्रत्येक तासाला वेगळा रंग देऊन मी ते भिंतीवर लावलं होतं. दांडगे गुरुजी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, लई झकास काढलंय. असंच एक टँकरवाल्याला पण काढून द्या."

कारण आमचं खरं वेळापत्रक टँकर ठरवायचा. तो कधी प्रार्थनेच्या वेळी यायचा, कधी भागाकार अर्ध्यावर असताना, कधी यायचाच नाही. गावच्या विहिरीत तो पाणी ओतायचा आणि मग ज्याच्या हातात दोर त्याचं पाणी. मोठी माणसं कामावर गेलेली, म्हणून घागरी मुलांच्या जिम्म्यावर. हॉर्न वाजला की माझा वर्ग दारातून, खिडकीतून, मिळेल तिथून बाहेर. टँकरचा ड्रायव्हर सलीमभाई लांबूनच ओरडायचा, "क्या मॅडम, मैं आया के इस्कूल की छुट्टी?" हातात खडू घेऊन मी रिकाम्या खोलीत उभी. फळ्यावर 'दिस इज ए रिव्हर'.

त्या रांगेची एक रीत होती. दिवसभर विहिरीपाशी कोण उभं राहणार? म्हणून माणसाच्या जागी वस्तू उभी राहायची. पहाटे कोणी घागर ठेवून जायचं, कोणी फुटकी बादली, कोणी एकच चप्पल. ज्याच्याकडे ठेवायला काहीच नाही, तो दगड ठेवायचा. टँकर आला की ज्याचा दगड त्याचा नंबर. पाण्यावरून त्या गावात शिवीगाळ झाली, एकमेकींच्या झिंज्या धरल्या गेल्या; पण दुसऱ्याचा दगड कोणी हलवला असं मी ऐकलं नाही. विहिरीवर रांगेने बसलेल्या त्या चपला आणि दगड मला वर्गापेक्षा जास्त शिस्तीचे वाटायचे, आणि त्याचाही राग यायचा.

द्वारका तिसरीत होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्या वर्षी चारा नाही म्हणून बापाने निम्मी विकली आणि उरलेली भावाबरोबर लांब पाठवली. द्वारका दाराजवळ बसायची, कारण तिथून हॉर्न सर्वांत आधी ऐकू येतो. गोणपाटाचा एक तुकडा आणून त्यावर बसायची. तिचा एक कान माझ्याकडे आणि एक रस्त्याकडे असायचा. पण माझ्याकडचा तो एक कान वर्गातल्या बाकी सगळ्या कानांना भारी होता. नदीचा धडा चालू असताना तिने विचारलं, "बाई, नदी रोज येती का टँकरवानी?" मी सांगितलं, नदी येत नाही, असते. तिने मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. त्या वर्षी मलाही पटवून देता येईना.

एकदा मी वैतागून वर्गच विहिरीजवळच्या बाभळीखाली नेला. तुम्ही रांगेत बसणारच, तर तिथेच वाचा. थोडे दिवस बरं चाललं. मग विस्तार अधिकारी आले. हे आमच्या वरचे साहेब, बऱ्याच शाळांवर देखरेख करणारे. ते खूश. "मॅडम, हा तर उपक्रम झाला! फलक लावा. फोटो काढा. रोज काढा." फोटोत घागरी दिसल्या पाहिजेत आणि पुस्तकंही, मुलं हसली पाहिजेत. तहानलेली मुलं हसवण्यात दोन दिवस गेले आणि मी वर्ग परत खोलीत आणला.

एप्रिल संपला तरी सुट्टी लागली नाही. म्हणजे शिकवायला सुट्टी, खिचडीला नाही. दुष्काळी गावात मुलांना उन्हाळ्यातही शाळेत जेवण द्यायचं होतं. निर्णय योग्यच होता, ती मुलं खरंच भुकेली होती. पण तांदूळ शिजवायला पाणी लागतं हे निर्णय काढणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. टँकर आला नाही की तांदूळ कोरडा, मुलं पानं घेऊन बसलेली आणि मी शहरातून माझ्या प्यायच्या पाण्याची बाटली घेऊन आलेली, ती पिशवीतून काढायची लाज वाटणारी.

घरी तुमची आई बाळंतपणाला आलेली. मी रजा मागितली. उत्तर आलं की सुट्टीच्या काळात रजा कशी मागता? मुग्धा, तू जन्मलीस त्या सकाळी मी तांदूळ निवडत होते. निरोप गावात पोचला तो सलीमभाईच्या टँकरबरोबर. "मॅडम, लक्ष्मी आयी है!" त्याने मला केबिनमध्ये बसवून हमरस्त्यापर्यंत सोडलं. तुला पहिल्यांदा घेतलं तेव्हा माझ्या साडीला डिझेलचा वास होता. तुझे आजोबा दवाखान्याच्या दारातच म्हणाले, "राजीनामा दे आता. घरी इंग्रजीच्या शिकवण्या घे. दोन आळ्यांतली पोरं येतील, आणि टेबलावर पाण्याचा तांब्या असेल."

मी दिला नाही. का ते सांगायला मला द्वारकाकडे परत जावं लागेल.

परीक्षेच्या तोंडावर तिच्या बापाला शेंद्र्याला काम मिळालं. कारखान्याच्या भिंती बांधायचं. अख्खं कुटुंब तिथल्या पत्र्याच्या खोपीत राहायला जाणार होतं. म्हातारी आजी तेवढी दोन शेळ्या घेऊन गावात. निघायच्या दिवशी द्वारका शाळा भरायच्या आधी आली. तिने तिचं पोतं दाराजवळच्या जागेवर चौकोनी घडी करून ठेवलं, बाहेर जाऊन एक दगड आणला आणि वर ठेवला. मग वर्गाकडे बघून म्हणाली, "ह्यो माझा नंबर हाय."

बस. कोणी हसलं नाही. झाडणाऱ्या मुली त्या पोत्याला वळसा घालून झाडू लागल्या. जूनमध्ये शाळा भरली, मुलं तिसरीतून चौथीत आली, तरी पोतं तिथेच. एक नवा मुलगा जाऊन त्यावर बसला तर चार जणांनी त्याला हाताला धरून उठवलं. "उठ की रं! नंबर हाय तिचा. दगड दिसत नाय व्हय?"

विस्तार अधिकारी पुन्हा आले ते जुलैत. पोत्याकडे त्यांचं लक्ष गेलंच.

"हे काय?"

"एका मुलीची जागा आहे, सर. कामावर गेली आहे आईबापाबरोबर. येणार आहे."

"कधी?"

"माहीत नाही."

"मग पोत्याची हजेरी लावता का, मॅडम?" ते हसले. मग हसू आवरून दांडगे गुरुजींना म्हणाले, "इतके दिवस गैरहजर. नाव कमी करा."

नाव कमी झालं की पट कमी होतो. पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, आणि त्यावर शिक्षकांच्या जागा ठरतात. द्वारकासारखी आणखीही मुलं गेली होती. सगळी नावं कमी झाली असती तर दुसरी जागा, म्हणजे माझी, जाणार होती. म्हणून मी तोंड उघडलं की प्रत्येकाला तेच ऐकू यायचं. "साहेब, ती मुलगी हुशार आहे," असं मी म्हटलं तर त्यांनी मान डोलावली, "हो हो, समजतं ना आम्हाला. तुम्हाला शहराजवळची शाळा सोडवत नाही." द्वारकासाठी भांडायला मी जगातली सर्वांत निरुपयोगी बाई होते, कारण माझा त्यात फायदा होता. या गोष्टीची चीड माझ्या अंगात अजून आहे. मुग्धा, तुझ्या प्रश्नात हा रकाना आहे का बघ.

मग एका दुपारी परतताना मी शेंद्र्याला उतरले.

आत बरंच चालावं लागलं. नवी भिंत लांबच लांब गेलेली, आणि द्वारका दोन्ही हातांनी रबरी पाइप धरून भिंतीवर पाणी मारत होती. सिमेंट पक्कं व्हायला पाणी लागतं. दिवसातून कितीतरी वेळा. भिंत काळीभोर ओली, खाली चिखल, चिखलात चिमण्या. जिथून मी आले त्या गावात त्या दिवशी खिचडी शिजली नव्हती.

"बाई!" तिने पाइप न सोडता आरोळी ठोकली. "बाई, हितं पाणीच पाणी हाय! रोज आंघूळ करती मी!"

मी तिला रागवायला गेले होते की न्यायला, मला आठवत नाही. ती खुशीत होती आणि मी चिखल चुकवत पुढे गेले. तिचा बाप घाम पुसत आला. त्याने एका घमेल्यावर पोतं टाकून मला बसायला दिलं.

"इलाज नाय, बाई. साळंत पोरीला खिचडी भेटती, खरंय. हितं समद्यांना भाकर भेटती. आन् पाणी."

"इथे जवळच्या शाळेत तरी घाला तिला."

"गेलतो की. जागा नाय म्हणत्यात."

मी त्या शाळेतही जाऊन आले. मुलं पाठीला पाठ लावून बसलेली, काही व्हरांड्यात, काही व्हरांड्याच्या खाली उन्हात. तिथल्या बाईंचा आवाज बसलेला होता. त्या मला कुजबुजत म्हणाल्या, "बाई, तुमची मुलं तुमच्याकडेच ठेवा ना हो. मला यांचीच नावं पाठ होईनात." त्यांच्याकडे मुलांना जागा नव्हती, माझ्याकडे जागेला मुलं नव्हती, आणि मधल्या रस्त्यावर द्वारका भिंत भिजवत होती. आमच्या पटावरून तिचं नाव तोवर कमी झालं होतं; कागदावर ती कुठल्याच शाळेत नव्हती.

त्या दुपारी मी भिंतीजवळून निघाले तेव्हा ती पाइप आईकडे देऊन धावत आली.

"बाई, माझा नंबर हाय ना?"

"आहे."

"दगड कुणी हलवला नाय ना?"

"नाही हलवला."

राजीनामा मी दिला नाही तो एवढ्याचसाठी. यात थोरपणा वगैरे काही नाही. मी तिला 'आहे' म्हणून सांगून बसले होते, आणि माझ्या मागे येणारी बाई पहिल्याच दिवशी ते पोतं झटकून कोपऱ्यात टाकेल याची मला खात्री होती. नीटनेटक्या बाईने तेच केलं असतं. मीही केलं असतं.

पाऊस उशिरा आला, बेताचा आला. द्वारका आली नाही. पोत्याला कसर लागली, मुलींनी ते उन्हात टाकून परत त्याच जागी घडी घालून ठेवलं. मी चौथीला शिकवत होते आणि दाराकडे बघत होते. त्या दिवसांत मी घरी येऊन विनाकारण चिडायची. तुमची आई तुला घेऊन सासरी जायला निघाली तेव्हाही माझ्या डोक्यात पटाची मोजणी होती. डोकं दुखायचं, झोप उडायची. आता याला मानसिक ताण म्हणतात. तेव्हा तुमचे आजोबा त्याला "आली बाईसाहेबांची शाळा घरी" म्हणायचे.

पटाची मोजणी झाली. आमची एक जागा कमी झाली आणि मी 'अतिरिक्त' ठरले. शिक्षकाला हा शब्द कोणी शोधून लावला कोण जाणे. बदलीचा हुकूम यायचा होता, तेवढ्यात घट बसले त्या आठवड्यात एका सकाळी द्वारका दारात उभी. शेंद्र्याची भिंत बांधून झाली होती. भिंत झाल्यावर बांधणाऱ्यांचं तिथे काय काम?

तिने दगड उचलला, बाहेर नेऊन ठेवला, पोतं उलगडलं आणि बसली. वर्ग जिथे होता तिथून पुढे वाचू लागला. एवढंच. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उगाच तारीख लिहीत राहिले. दांडगे गुरुजी दारातून डोकावले आणि हळूच म्हणाले, "बाई, ही थोडी आधी आली असती तर..." मोजणी होऊन गेली होती.

ती जोडाक्षरं विसरली होती. 'कारखाना' मात्र न अडखळता वाचला. मी तिला शिकवलं ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. सुट्टीआधी माझा हुकूम आला. शेंद्र्याच्या वाटेवरची तीच गच्च भरलेली शाळा, आवाज बसलेल्या बाईंच्या शेजारचा वर्ग.

शेवटच्या दिवशी मी कपाट आवरलं, खडूची पेटी दांडगे गुरुजींना दिली, वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि पुन्हा लावलं. पाण्याचा घोट घ्यायला बाहेर गेले आणि परत आले तर वर्ग माझ्या खुर्चीकडे बघत होता. माझ्या खुर्चीवर एक दगड ठेवलेला होता.

"कोणी ठेवला हा?"

द्वारका उभी राहिली. "बाई, तुमचा नंबर लावलाय. जावा तुम्ही. आमी बघतो."

दांडगे गुरुजी म्हणाले, "आता हिला कोण समजवणार की वरच्या हापिसात दगड चालत नाय?"

आम्ही दोघं हसलो. पुढे निवृत्त होईपर्यंत मी त्या भरलेल्या शाळेतच होते. मुलांची नावं मलाही वेळेत पाठ झाली नाहीत, कित्येकांना मी 'ए निळा शर्ट' म्हणून हाक मारली. ती नोकरीही मी नीट केली असं लोक म्हणतात. परत त्या गावात माझी बदली कधी झाली नाही. दोनदा अर्ज केला होता.

मुग्धा, तुझा फोन संपल्यावर मी द्वारकाला फोन लावला. ती आता शेंद्र्यालाच एका कारखान्यात पॅकिंगला आहे; कामाची पाळी संपवून घरी निघाली होती. तिचा धाकटा त्याच गावच्या त्याच शाळेत जातो. मी तिला तुझा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "एक ते पाचात व्हय? आमचं सुपरवायझर पण विचारतंय तसं. मी चार सांगून देते, मग पुढं कोणी काय विचारत नाय." मग म्हणाली, "बाई, लई वैताग आला का नातीला? तिला म्हणा, सोडायची तर सोड, पण आधी कुणाला 'हाय' म्हणून बसलीस का ते बघ."

मी तीन मागे घेते. नवा आकडा देत नाही. त्या नोकरीने मला जितकं दमवलं तितकं कशानेच नाही. तुझ्या जन्माच्या दिवशी मला तुझ्यापासून लांब ठेवलं ते मी माफ केलेलं नाही. परत आल्यावर द्वारकाला मी किती शिकवलं? नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. एवढ्याचं समाधान मानायचं का, ते तू तुझ्या शाळेला विचार.

खुर्चीचं मी द्वारकाला विचारलं. ती केव्हाच मोडली, म्हणाली. हापशी काढून टाकली. लिंब आहे. दुष्काळ परत आला तेव्हा पुन्हा मुलं गेली, पुन्हा काही पोती घडी करून ठेवली गेली, काही उलगडली, काही नाही. आणि माझ्या खुर्चीवरचा तो दगड अजून आहे. वाऱ्याने वर्गाचं दार आपटू नये म्हणून आता तो दाराला लावून ठेवतात.